प्लेट बसवली, आता पुढं?

“आत प्लेट बसवली ना? मग सुटलात बाई! आता काळजीचं कारण नाही.”

माझ्या धाकट्या जावेच्या जबड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला येणारं प्रत्येक माणूस हेच म्हणत होतं. खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हणत होते. भिंतीत खिळा ठोकावा, फोटो टांगावा आणि हात झटकून मोकळं व्हावं, इतकं ते सोपं वाटलं होतं. पाचव्या आठवड्यात तिच्या गालावर लिंबाएवढी सूज आली, तोंडात खारट पाणी यायला लागलं, आणि मग आमची धावपळ सुरू झाली.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत आम्ही जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटतं. आणि गंमत म्हणजे सांगितलं होतं! घरी सोडताना दिलेल्या कार्डावर इंग्रजीत पाच-सहा ओळी होत्या. ते कार्ड आम्ही बिलांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून दिलं. कुणी वाचलंच नाही. म्हणून आज हे सगळं मराठीत आणि सविस्तर लिहायला बसले आहे. दारोदारी दुचाकी झाल्यापासून जबडा किंवा गालाचं हाड मोडलेलं एखादं माणूस प्रत्येकीच्या नात्यागोत्यात निघतंच.

अपघात तसा साधाच. संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून ती भाऊजींच्या मागं मोटरसायकलवर बसून घरी येत होती. एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर वाणाची पिशवी, डोक्याला काही नाही. पदराचं टोक मागच्या चाकात गेलं आणि ती तोंडावर आपटली. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारी जाळी गाडीला असलीच पाहिजे, असा १९८९ च्या मोटार वाहन नियमांत नियम आहे. मागं बसणाऱ्यानंही हेल्मेट घालावं हे १९८८ च्या कायद्यात आहे. आमच्या गाडीची जाळी ‘धुताना अडचण होते’ म्हणून काढून ठेवलेली होती. असो.

खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. उजवीकडं सुळ्याजवळ एक, आणि डावीकडं कानाच्या खाली, जिथं जबडा वळतो आणि जिथं अक्कलदाढ असते तिथं दुसरा. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तोंडाच्या आतूनच हिरडीजवळ छेद घेऊन प्लेटी बसवल्या. बाहेर एकही टाका नाही. आम्ही खूश!

प्लेट म्हणजे असते तरी काय?

तिचा क्ष-किरण फोटो पाहिला तेव्हा मला हसूच आलं. एवढीशी पट्टी! जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, भोकं पाडलेली, आणि त्यात मुंगळ्याएवढे स्क्रू. धातू टायटॅनियम. पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, न गंजणारा आणि शरीराला सोसणारा. ब्रॅनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाला १९५२ मध्ये सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळलं, की हाड टायटॅनियमला परकं समजत नाही, घट्ट चिकटून बसतं. पुढं दातांच्या कृत्रिम मुळांसाठी या धातूचा वापर त्यातूनच सुरू झाला.

मोडलेल्या हाडावर धातूची पट्टी बसवायची कल्पना तशी जुनी. जर्मनीत हॅम्बुर्गच्या हान्समान यांनी १८८६ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. पण जबड्याच्या बाबतीत कितीतरी वर्षं मुख्य उपाय एकच होता. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकायचे! चार ते सहा आठवडे तोंड बंद. नळीनं पेज प्यायची, बोलायचं ते दातांच्या फटीतून. आमच्या चुलतसासऱ्यांचा जबडा असाच बांधला होता. माणूस निम्मं झालं होतं म्हणे. १९७० नंतरच्या दहा वर्षांत फ्रान्समध्ये मिशेले आणि मग स्ट्रासबुर्गचे शांपी यांनी या छोट्या प्लेटींची पद्धत बसवली. प्लेट जाड असण्यापेक्षा ती योग्य जागी बसणं महत्त्वाचं, हे शांपी यांनी दाखवून दिलं.

ते कसं, हे आमच्या डॉक्टरांनी फार छान समजावलं. चीर गेलेली फळी दोन विटांवर ठेवून मधे दाबली तर चीर खालून उघडते, वरून मिटते. मग पट्टी ठोकायची कुठं? जिकडून उघडते तिकडं. जबड्याच्या कोपऱ्यात घास चावताना चीर वरच्या कडेनं उघडते, म्हणून तिथं वरच्या कडेला एक प्लेट पुरते. पुढं हनुवटीजवळ हाडाला पीळ बसतो, म्हणून तिथं दोन लागतात.

आणि मग ते म्हणाले ते वाक्य मी आता प्रत्येकाला ऐकवते. “प्लेट हाड जोडत नाही हो, वहिनी. हाड स्वतःच जुळतं. ते जुळेपर्यंत हलू द्यायचं नाही, एवढंच प्लेटीचं काम.”

यातच सगळं आलं. हाडाला जुळायला दीड महिना लागतो, आणि तेवढा वेळ त्या इवल्याशा पट्टीनं तग धरायचा असतो. जबडा तर सारखा हलणारा अवयव. हाड वेळेत जुळलं नाही तर शेवटी धातू हरतोच. तारेचा तुकडा पुढं-मागं वाकवत राहिलं की कसा कट्‌कन तुटतो, तशी प्लेटसुद्धा तुटते. त्याआधी बहुधा स्क्रू ढिला होतो. ढिला स्क्रू हाडात हलायला लागला की आजूबाजूचं हाड झिजतं, तोंडातले जंतू त्या वाटेनं आत शिरतात आणि पू होतो. आपण म्हणतो, ‘प्लेट पिकली म्हणून ढिली झाली.’ पुष्कळदा ते नेमकं उलटं असतं. आधी हलली, मग पिकली.

सगळा दोष घरच्यांचा असतो असं मात्र कुणी समजू नये हं. भोक पाडताना ड्रिल तापलं आणि त्यावर पुरेसं पाणी सोडलं नाही, तर भोवतालचं हाड होरपळतं. ४७ अंश सेल्सिअस उष्णता एक मिनिटभर लागली तरी हाडाला इजा होते, असं १९८३ मध्ये स्वीडनमध्येच केलेल्या प्रयोगांत दिसलं. अशा होरपळलेल्या हाडात स्क्रू पकड धरत नाही. प्लेट हाडाच्या वळणाला नीट वाकवली नाही तर स्क्रू आवळताना जबडा किंचित सरकतो आणि दात नीट बसत नाहीत. स्क्रू दाढेच्या मुळाला लागू शकतो. मोडलेल्या रेषेतच दाढ असेल तर ती ठेवावी की काढावी हा डॉक्टरांपुढंही प्रश्नच असतो. आमच्याकडं ती अक्कलदाढ ठेवली होती.

मशेरीची डबी

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, “तंबाखू, मशेरी, काही सवय?” समोर सासूबाई, भाऊजी, मी. जाऊ मान हलवून ‘नाही’ म्हणाली. आम्हीही एका सुरात ‘छे, छे!’ म्हटलं. भाऊजींची सिगारेट डॉक्टरांना वासानंच कळली असेल, पण प्रश्न त्यांना नव्हता.

दुसऱ्यांदा दाखल केल्यावर ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकटीला विचारलं. तेव्हा कळलं. माहेरी आजीच्या मांडीवर बसून लागलेली सवय. तव्यावर तंबाखू काळी करून कुटायची आणि दातांना लावायची. दिवसातून तीनदा. ऑपरेशननंतर आठव्या दिवसापासून पुन्हा सुरू, कारण न लावलं तर डोकं दुखायचं. सासूबाईंची स्वतःची मशेरीची डबी खिडकीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, तिचं कुणाला काही वाटत नाही. सुनेची मात्र मीठ-मोहरीच्या डब्यांमागं लपलेली. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “मला तरी सांगायचंस गं,” एवढंच म्हणाल्या.

तंबाखू कुठल्याही वाटेनं शरीरात गेली की बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हिरडीला आणि हाडाला रक्त कमी पडतं, जखम सावकाश भरते, टाके उसवतात आणि खालची प्लेट उघडी पडते. मशेरी तर थेट त्या टाक्यांवरच घासायची! मधुमेह आटोक्यात नसेल तर तेच, दारूचं व्यसन असेल तर तेच. म्हणून माझं डॉक्टरमंडळींना एक मागणं आहे. बाईला हा प्रश्न सासर समोर उभं करून विचारू नका. आणि बायांनो, तुम्ही घरात कुणाला सांगू नका वाटल्यास, पण डॉक्टरांना सांगा. ते रागावले तर रागावू देत.

माझीही एक चूक सांगून टाकते. तिसऱ्या आठवड्यात तिची सूज उतरली, चेहरा पूर्वीसारखा दिसायला लागला. महिना होत आला, पेज पिऊन पोरीचा जीव विटला असेल म्हणून मी तिला थालीपीठ केलं. “बारीक तुकडे करून देते, हळूच चाव,” म्हटलं. तिनं आवडीनं खाल्लं. दुखलं नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा केलं. दुखत नाही याचा अर्थ हाड जुळलं असा नसतो, हे मला कुठं ठाऊक होतं?

नेमकं कशानं बिघडलं, मशेरीनं, माझ्या थालीपीठानं, की त्या दाढेनं? डॉक्टर म्हणाले, “एकाच गोष्टीकडं बोट दाखवता येणार नाही.” मला अजून ते थालीपीठ आठवतं.

आठ दिवस वाया गेले

सूज आली तेव्हा पहिले तीन दिवस आम्ही घरीच आंबेहळदीचा लेप आणि गरम शेक दिला. शेजारच्या काकूंचं मत पडलं, की अंगाला धातू सोसला नाही, उष्ण पडला. मग भाऊजींनी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. सूज ओसरली, आम्ही गोळ्या बंद केल्या, दोन दिवसांनी दुप्पट सूज! तोंडाला वास, अंगात ताप. डॉक्टरांकडं गेलो तेव्हा आठवा दिवस होता.

अशा गोळ्यांनी पू तात्पुरता दबतो. आतली हलणारी प्लेट काही घट्ट होत नाही. हाड जुळून गेलेलं असेल तर काम सोपं असतं. प्लेट काढून टाकली, की बहुधा सारं शांत होतं. हाड जुळलेलं नसताना पू झाला तर मात्र सगळं पुन्हा करावं लागतं. आमचं तेच झालं. पू काढला, दाढ काढली, ढिली प्लेट काढून तिच्या जागी जबड्याच्या खालच्या कडेला जाड आणि लांब प्लेट बसवली. तिचे स्क्रू हाडाच्या आरपार जातात. त्यासाठी या वेळी बाहेरून, मानेच्या वरच्या बाजूला छेद घ्यावा लागला.

तिथून ओठाचा कोपरा खाली ओढणारी एक नाजूक नस जाते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी जाऊ हसली आणि तिचं हसू वाकडं झालं. आम्ही सगळे गप्प. तिनं आरसा मागितला, आणि मी तो दिला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की नस तुटलेली नाही, ताणली गेली आहे, परत येईल. तीन महिन्यांनी आली. सगळ्यांचीच येते असं नाही, म्हणून ऑपरेशनआधीच हे विचारून घ्यावं.

दुसरी नस जबड्याच्या हाडातूनच जाते आणि खालच्या ओठाला, हनुवटीला स्पर्श कळवते. हाड मोडतानाच ती दुखावते, कधी स्क्रूनंही दुखावते. मग ओठ बधिर होतो, दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यासारखा. हे बधिरपण आठवडे, महिने राहू शकतं, आणि काही जणांचं थोडंसं कायम राहतं. घाबरण्यासारखं नाही, पण जपण्यासारखं आहे. ओठ बधिर असताना चहा किती गरम आहे ते ओठाला कळत नाही. आधी हाताच्या पाठीवर थेंब टाकून बघायचा. माझ्या जावेनं एकदा ओठ पोळून घेतला आणि फोड आल्यावर तिला समजलं.

मग घाबरायचं केव्हा आणि स्वस्थ बसायचं केव्हा? पहिले दोन-तीन दिवस सूज वाढतेच, ते ठरलेलं. काळं-निळं गालावरून मानेपर्यंत उतरतं, तेही चालतं. तोंड पूर्ण उघडत नाही, कान ठणकतो, हेही काही दिवस असतं. पण उतरलेली सूज पुन्हा चढली, तोंडात खारट किंवा घाण चव येऊ लागली, ताप आला, हिरडीतून काहीतरी चकाकतं दिसलं, जबड्यात ‘टक’ असं हललं, तर त्याच दिवशी जावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दात. काल जसे मिटत होते तसे आज मिटत नाहीत, एक दात आधी टेकतो, असं रुग्ण म्हणाला तर ‘तुला आपलं वाटतंय’ म्हणून त्याला गप्प बसवू नका. दातांची बैठक बिघडली आहे हे डॉक्टरांच्याही आधी रोग्याच्या जिभेला कळतं.

गालाचं हाड किंवा डोळ्याची खोबण मोडली असेल तर गोष्ट थोडी निराळी. वरच्या चेहऱ्याची हाडं पातळ, पण ती जबड्यासारखी हलत नाहीत, म्हणून तिथल्या प्लेटी सहसा कमी त्रास देतात. त्रास झाला तर तो निराळ्या प्रकारचा. एकाच्या दोन वस्तू दिसणं, डोळा आत गेल्यासारखा दिसणं, खालची पापणी ओढली जाणं, गाल बधिर होणं. अशा रुग्णानं काही आठवडे नाक जोरानं शिंकरायचं नाही. हवा कातडीखाली शिरते आणि डोळा फुगतो. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. ऑपरेशननंतर डोळ्यात भयंकर कळा, डोळा बाहेर आल्यासारखा आणि दिसणं अंधूक, असं झालं तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. डोळ्यामागं रक्त साचलं तर दृष्टी जायला काही तास पुरतात.

स्वैपाकघरातलं काम

दीड महिना चावायचं नाही म्हणजे नाही. पण म्हणून उपाशी ठेवायचं नाही. हाडाला जुळायला प्रथिनं लागतात. दुसऱ्या खेपेला मी हे काम स्वतःकडं घेतलं आणि वहीच घातली. मुगाची खिचडी कुकरला जास्त शिट्ट्या देऊन, रवीनं घोटून, वरून तूप. नाचणीची आंबील ताक घालून. वरणात भात कुस्करून मिक्सरमधून एकदा फिरवलेला. रव्याची आणि गव्हाच्या सत्त्वाची खीर. दुधी, लाल भोपळा, गाजर उकडून सूप. पिकलं केळं दुधात कुस्करून. खाणाऱ्यांच्या घरी अंडं दुधात फेटून शिजवलेलं, नाहीतर मटणाचा गाळलेला रस्सा. शेंगदाणे चालत नाहीत, पण दाण्याचं कूट अगदी बारीक वाटून आमटीत घातलेलं चालतं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायचं, कारण एका वेळी फार जात नाही. भाकरी, चकली, चिवडा, सुपारी, ऊस यांची नावं काढायची नाहीत. जेवण गरम नको, कोमट द्यावं.

प्रत्येक खाण्यानंतर तोंड स्वच्छ. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा, डॉक्टरांनी दिलं असेल ते क्लोरहेक्सिडीनचं औषध दिवसातून दोनदा. त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर साफ करता येतात, म्हणून औषध सोडू नये. लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन दात घासायचे, टाक्यांना जपून. सात-आठ दिवस घासायला भीती वाटते, पण न घासण्यात धोका जास्त.

दात रबरांनी किंवा तारेनं बांधून ठेवले असतील तर घरी जाण्याआधी एक गोष्ट शिकून घ्या. रुग्णाला उलटी झाली किंवा घुसमटलं तर काय कापायचं? रबरं साध्या कात्रीनं कापली जातात, तारेला पक्कड-कटर लागतं. ते उशाशी ठेवायचं आणि कुठं कापायचं ते डॉक्टरांकडून स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायचं. आमच्याकडं वापरायची वेळ आली नाही, पण कात्री उशाशी आहे म्हणून मला रात्री झोप लागायची.

डॉक्टरांनी सांगितलं की मग तोंड उघडण्याचे व्यायाम. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातील इतकं उघडणं हे साधारण माप. माझ्या जावेचं एका बोटापासून सुरू झालं. रोज आरशासमोर उभी राहायची. तिसरं बोट जायला अडीच महिने लागले.

मुलांच्या बाबतीत थोडंसं सांगते. मुलांची हाडं वाढती असतात, म्हणून प्लेट शक्यतो टाळतात, आणि बसवलीच तर हाड जुळल्यावर पुष्कळदा काढून घेतात. विरघळणाऱ्या प्लेटीही निघाल्या आहेत. त्या वर्ष-दोन वर्षांत नाहीशा होतात, पण महाग पडतात आणि विरघळताना कधी सूज येते.

आता जरा अवघड गोष्ट. त्याच वॉर्डात पलीकडच्या खाटेवर एक बाई होती. जबड्याचीच प्लेट, दुसऱ्यांदा तुटून आलेली. कसं झालं म्हणून विचारलं की शेजारी बसलेला नवराच उत्तर द्यायचा, “मोरीत पाय घसरला.” दोन्ही वेळा मोरीच. ती भिंतीकडं तोंड करून पडायची.

यात कुणाच्या घरची उणीदुणी काढायची नाहीत. पण खरं कारण डॉक्टरांना कळणं उपचारासाठीच लागतं. एका गालावर गुद्दा बसला की पुष्कळदा दुसऱ्या बाजूचा, कानाजवळचा सांधाही मोडतो. घसरून हनुवटीवर पडलं तर मोड निराळी. कुठून मार बसला ते ठाऊक असलं की डॉक्टर ती दुसरी जागा शोधतात, नाहीतर ती राहून जाऊ शकते. आणि दीड महिन्याच्या आत दुसरा तडाखा बसला तर जगातली कुठलीच प्लेट टिकत नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा अशाच बायांसाठी आहे, आणि १८१ या क्रमांकावर फोन करता येतो. भेटायला गेलात तर नवऱ्याला चहा आणायला पाठवा आणि दोन मिनिटं तिच्याजवळ बसा.

आमच्या घरी आता दोन वर्षं होतील. मोठी प्लेट आत आहे ती आहेच. टायटॅनियमची प्लेट त्रास देत नसेल तर मुद्दाम काढायचं कारण नसतं. काढायची म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा छेद, पुन्हा त्या नसेजवळ जाणं. मंदिरापाशी, विमानतळावर तपासणीच्या दारातून जाताना ती सहसा वाजत नाही. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, त्यामुळं एमआरआयही करता येतो, फक्त तिथं आधी सांगायचं. दाताचं काही काम निघालं तर तिथंही सांगायचं. चुलीशी, गॅसशी काम करताना प्लेट तापेल का, असं सासूबाईंनी विचारलं होतं. तशी काही तापत नाही. थंडीत मात्र तिथं गार, जड वाटतं आणि बोट फिरवलं तर कड हाताला लागते. डिसेंबर-जानेवारीत ती कानावरून मफलर घेऊन बसते.

ते इंग्रजी कार्ड आता भाऊजींनी मराठीत लिहून काढलंय. ते स्वैपाकघरात, कॅलेंडरच्या शेजारी लावलेलं आहे. आणि मोटरसायकलला जाळी लागली आहे. मशेरी सुटली का, असं विचाराल तर पाच महिने सुटली होती. मग माहेरी लग्न निघालं. परत आली तेव्हा मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, दोनदा लावली. आता पुन्हा मोजायला सुरुवात केलीय.” परवा विचारलं तेव्हा आकडा एकवीस दिवसांवर होता.